गवताचं औषध

पानगळ लागली की तणाला माज चढतो, आणि तण बघून बाईंचं डोकं फिरतं. गल्ली त्यांना पाठीमागे फौजदारीण म्हणायची. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

घरापुढची हिरवळ त्यांच्या मालकांनी लावलेली. जन्मभर क्रीडांगणावर माळी होते. दुसऱ्यांनी तुडवायचं गवत जोपासलं, आणि निवृत्त झाल्यावर एवढा एक तुकडा स्वतःसाठी केला. ते गेले, आणि दोन वर्षांत आंबुशीच्या तणाने अर्धा गिळला.

थोरल्या मुलाला तिथे फरशी हवी होती, गाडी उभी करायला. भांडून भांडून शेवटी ठरलं: थंडी पडायच्या आत हिरवळीतलं तण साफ झालं तर ती राहील, नाहीतर फरशी.

“पानगळीत मारलेलं औषध मुळापर्यंत उतरतं, तुझे बाबा सांगायचे,” बाईंनी फर्मावलं. “जा, गवत मारायचं औषध घेऊन ये.”

दुकानातून त्याचा फोन आला. “आई, गवताचंच ना?”

“गवताचंच! कान काय गहाण टाकलेस?”

त्याने आणलं, सांगितलं तसं फवारलं.

पिवळेपणा दिसायला लागला तेव्हा बाई ‘तण मरतंय’ म्हणाल्या. तीन आठवड्यांनी सकाळी दार उघडून पायरीवर आल्या आणि तिथेच खिळल्या. गवताचं पातं न् पातं वाळून पिवळं पडलं होतं. आणि आंबुशी? ती टवटवीत! शेजारी रुंद पानांचं एक चिवट तण, जावयासारखं पाय पसरून बसलेलं.

थोरला दाढी करत होता. बाईंनी त्याला आरशासमोरच गाठलं.

“मुद्दाम केलंस! फरशीसाठी बापाची हिरवळ मारलीस!”

त्याने गालावरचा फेस पुसला. पुन्हा आरशाकडे वळला.

“आई, अहो, त्यांनी तर…” सून मध्ये पडली.

“तू नवऱ्याची वकिली नंतर कर!”

वाळल्या गवताची मूठ भरून बाई तरातरा दुकानात गेल्या आणि ती मूठ गल्ल्यावर आपटली.

“हे बघा तुमचं औषध! तण हसतंय आणि गवत मेलंय!”

दुकानदाराने चष्मा वर केला. “मग बरोबर झालं की, बाई. गवत मारायचं औषध गवतच मारणार. रुंद पानाच्या तणाचं वेगळं असतं. मी तुमच्या मुलाला दोनदा विचारलं, तण की गवत? त्याने इथूनच तुम्हाला फोन लावला. कानांचं काहीतरी म्हणालात तुम्ही. मला इथवर ऐकू आलं.”

बाईंनी गल्ल्यावरचं वाळलं गवत गोळा केलं. जन्मभर त्या स्वतःच तणाला गवत म्हणत आल्या होत्या. ‘गवत काढते’ म्हणून खुरपं उचलायच्या, आणि मालक बरोबर तणच समजायचे.

“नवं बी कधी टाकता येईल?” त्यांनी घुश्शातच विचारलं.

“औषधाला आता तीन आठवडे झालेत ना? मग चालेल. पण तण आधी मुळासकट काढा. थंडीच्या आत उगवेल.”

बियाण्याची पिशवी काखोटीला मारून बाई घरी आल्या, तर अंगणात फरशीवाला टेप पसरून मापं घेत होता. थोरला बाजूला उभा होता, खाली मान घालून.

“टेप गुंडाळा!” बाई कडाडल्या. फरशीवाल्याने गुंडाळली.

मग त्या थोरल्याकडे वळल्या. “आणि तू रे? तोंड शिवलं होतं का तुझं? ‘आई, तूच गवत म्हणालीस,’ एवढं सांगता आलं नाही?”

“तू ऐकलं असतंस?”

“नसतं ऐकलं! म्हणून काय सांगायचं नाही? गप्प बसण्यात बापावर गेलायस अगदी, समजण्यात नाही. मी काय बोलते ते ऐकायचं नसतं रे, मला काय म्हणायचंय ते ऐकायचं असतं!”

बोलता बोलता आवाज चिरला, म्हणून त्या आणखीच भडकल्या. खुरपं घेऊन पिवळ्या गवतात फतकल मारून बसल्या आणि आंबुशीच्या मुळाशी पातं खुपसलं. सगळं गवत वाळल्यामुळे एकेक तण लांबून डोळ्यांत भरत होतं, लपायला जागाच उरली नव्हती.

थोरल्याने बाह्या सरसावल्या आणि शेजारी उकिडवा बसला.

“हिरवं दिसेल ते उपट,” बाई म्हणाल्या.

“हिरवंच ना?”

बाईंनी खुरपं उगारलं. मग त्याच्यासाठी दुसरं खुरपं आणायला सुनेला हाक मारली.