दोनच सीटची गाडी

प्रेमराज चौधरींची गाडी बंद ट्रेलरमधून जळगावात आली, त्या दिवशी एमआयडीसीतल्या त्यांच्या पाइपच्या कारखान्यात तासभर कुणी कामाला हात लावला नाही. इटलीतल्या एका लहानशा कंपनीनं ते मॉडेल मोजकंच काढलं आणि मग कायमचं बंद केलं. साऱ्या देशात तसल्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक खानदेशात. रंग गर्द हिरवा, सावलीत काळाच वाटावा असा. दारं बाजूला न उघडता पंखासारखी वर जायची. गाडी जेमतेम माणसाच्या कमरेइतकी उंच, त्यामुळे आत शिरायचं तर आधी बूड टेकायचं आणि मग एकेक पाय आत ओढायचा. आत दोनच सीट.

प्रेमराज तसा अबोल माणूस. तीस वर्षं धंदा केला, पाइप गावोगावच्या शेतात पोचले, पण लग्नाकार्यात चार लोकांत उभा राहिला तर कोणी वळून बघणार नाही असा. गाडी आल्यावर ते पालटलं. आकाशवाणी चौकात सिग्नल सुटला तरी लोक हलत नसत. हायवेला मोटारसायकलवाली पोरं मागे लागत, मोबाइलवर शूटिंग करत. प्रेमराजला ते इतकं आवडू लागलं की तो त्यांची वाट बघायचा. एखादी मोटारसायकल शेजारी आली की काच खाली करायची, ‘चला’ असा हात करायचा आणि पाय दाबायचा. डोळ्याचं पातं लवेपर्यंत मोटारसायकल आरशात ठिपका होऊन जाई.

त्या रविवारी धुळ्याला त्याच्या भाचीचा साखरपुडा होता. भरजरी साडी नेसून त्या गाडीत बसणं म्हणजे शिक्षा, मोठी गाडी काढा, असं त्याची बायको दीपमालानं सांगून पाहिलं. प्रेमराज म्हणाला, भाचीच्या सासरचे लोक दारात उभे असतील. ती पदर मांडीवर गोळा करून बसली.

पारोळा मागे पडल्यावर एक मोटारसायकल शेजारी आली. चालवणारा राकेश आणि मागे बसलेला प्रशील बैसाणे, दोघं धुळ्याचे. मोबाइल टॉवरच्या दुरुस्तीचं काम करत आणि पारोळ्याकडचं काम आटोपून घरी निघाले होते. प्रशील एका हातानं राकेशचा खांदा धरून दुसऱ्या हातानं शूटिंग करत होता. प्रेमराजनं काच खाली केली, हात केला आणि पाय दाबला. राकेशनंही गाडी पिळली.

आरशात ठिपका दिसला. मग ठिपका नव्हता, धूळ होती.

प्रेमराज करकचून ब्रेक दाबून थांबला आणि हायवेच्या कडेनं गाडी उलटी मागे घेत गेला. राकेशचं कोपर सोलवटलं होतं, पण तो उभा होता आणि फोनवर एकशे आठच्या अ‍ॅम्ब्युलन्सला ठिकाण सांगत होता. प्रशील दुभाजकाच्या लोखंडी कठड्याला टेकून बसला होता. डोक्यावर हेल्मेट तसंच. रक्त फारसं दिसत नव्हतं. कठड्याचा मार पोटात बसला एवढंच तो सांगत होता आणि दोन्ही हातांनी पोट दाबून धरत होता. अ‍ॅम्ब्युलन्स धुळ्याहून निघाली, पडून राहू द्या, हलवू नका, असं राकेशला फोनवर सांगितलं गेलं.

“तिची वाट कशाला बघायची?” प्रेमराज म्हणाला. “ती येईपर्यंत मी याला दवाखान्यात पोचवतो.”

दीपमाला कुणी न सांगताच खाली उतरली. प्रशीलला उचलून तिच्या जागी बसवलं. पाठ मागे पाडता येईल अशी ती सीट नव्हती. तो पोटात घडी पडल्यासारखा बसला. राकेशला जागा नव्हती. भरजरी साडीतली दीपमाला आणि रक्ताळलेल्या कोपराचा राकेश, दोघं हायवेच्या कडेला उभे राहिले.

गाडी त्या दिवशी जशी पळाली तशी आधी कधी पळाली नव्हती. प्रशील शुद्धीवर होता. मध्येच त्यानं विचारलं, “काका, ही कितीपर्यंत जाते?”

“तीनशेच्या वर.”

“आता किती?”

प्रेमराजनं आकडा सांगितला. पोरगा किंचित हसल्यासारखा झाला. त्यानंतर तो बोलला नाही. फागणं गाव मागे गेलं तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि कपाळावरून घाम निथळत होता. दुभाजकापलीकडून अ‍ॅम्ब्युलन्स भोंगा वाजवत समोरून आली आणि उलट दिशेला निघून गेली. प्रेमराजनं ती पाहिली. आता कशाला थांबवायची, आपण तर पोचलोच, असं त्याच्या मनात आलं.

धुळ्यातल्या पारोळा चौफुलीच्या अलीकडे पुलाचं काम चाललं होतं. मुख्य रस्ता पत्रे लावून बंद केलेला आणि वाहनं मुरुमाच्या उतारावरून खालच्या रस्त्याला सोडलेली. ट्रक, रिक्षा, ट्रॅक्टर हेलकावे खात उतरत होते. प्रेमराजनं गाडीचं नाक उचलायचं बटण दाबलं. नाक दोन बोटं वर आलं. पुढची चाकं उतारावर गेली आणि मग गाडीचं पोट उताराच्या कडेवर बसलं. त्यानं पाय दाबला तशी मागची चाकं जागच्या जागी फिरली, मुरूम उडाला, आणि गाडी आणखी रुतली. डावीकडे मातीचा ढीग होता. प्रशीलच्या बाजूचं दार वीतभर वर जाऊन अडकलं.

लोक जमले. आधी मोबाइल वर झाले. आत कोणी तरी आहे हे कळल्यावर चार जण पुढे धावले. दार उघडत नव्हतं, म्हणून प्रशीलला मधल्या उंचवट्यावरून प्रेमराजच्या सीटवर ओढावं लागलं आणि तिथून बाहेर. काखेत हात घालून ओढताना तो एकदाच ओरडला. त्याला रिक्षात आडवा घातला. प्रेमराज त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

दुपारी दवाखान्यात ऑपरेशन टेबलावरच प्रशील गेला. आतल्या आत रक्तस्राव झाला होता. प्रशीलची बहीण संघमित्रा धुळ्यातच एका खासगी दवाखान्यात नर्स होती. ती धावत आली. भावाला कशातून आणलं, कसं बसवलं, कसं काढलं, हे तिनं ऐकून घेतलं. वाट बघितली असती तर वाचला असता का, असं प्रेमराजनं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, तसं छातीठोक सांगता येत नाही. संघमित्रा तिथून उठून बाहेर गेली.

पोलिसांनी जबाब घेतला. मोटारसायकल वेगात होती आणि चालवणाऱ्याचा ताबा सुटला, असं प्रेमराजनं सांगितलं. ते खरंच होतं. हात केल्याचं त्याला कुणी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

रुतलेल्या गाडीचे व्हिडिओ दोन दिवस सगळीकडे फिरले. लोक खो खो हसले. मग एका पेपरात आलं की जखमीला वाचवण्यासाठी उद्योजकानं आपल्या दुर्मिळ गाडीची पर्वा केली नाही. हसणारे गप्प झाले, उलट फोन येऊ लागले. जळगावच्या एका मंडळानं सत्कार ठरवला. प्रेमराजनं दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा हो म्हटलं. दीपमालानं त्या दिवशी त्याला वाढलं आणि स्वतः न जेवता उठली.

सत्काराच्या आठवडाभर आधी एक वयस्क गृहस्थ कारखान्यात आले. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. प्रशीलचे वडील, आधार बैसाणे. धुळ्याजवळच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. प्रेमराजनं खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

मंडळाची माणसं आपल्या घरी येऊन गेली, असं त्यांनी सांगितलं. सत्काराच्या वेळी मुलाच्या वडिलांनी व्यासपीठावर दोन शब्द बोलावेत, अशी त्यांची इच्छा होती. आपण अजून होकार-नकार काहीच दिलेला नाही.

“त्याआधी एक विचारायचं होतं,” ते म्हणाले. “राकेश सांगतो, तुम्ही हात केला होता. केला होता का?”

प्रेमराजनं पुढे केलेली खुर्ची पुन्हा टेबलाला लावली.

“हो.”

बैसाणे गुरुजींनी मान हलवली. मग म्हणाले, गाडी बघायची आहे.

गाडी मागच्या गोदामात कापड झाकून ठेवली होती. धुऊनपुसून आणलेली, पोटाखालची मोडतोड अजून तशीच. प्रेमराजनं कापड काढलं, डावीकडचं दार वर केलं. गुरुजींनी पिशवी जमिनीवर ठेवली, बूड टेकलं आणि हातांनी एकेक पाय आत घेतला. बसल्यावर त्यांनी समोर पाहिलं, छताला हात लावून पाहिला, मग मधल्या उंचवट्यावरून हात फिरवला. इतका वेळ ते शाळेतल्यासारखं स्वच्छ मराठी बोलत होते.

“मना पोऱ्याले कसं काढं यामाईन?” त्यांनी घरच्या अहिराणीत विचारलं.

प्रेमराजनं सांगितलं. तुमच्या पोराला काढताना हे दार उघडत नव्हतं. इथून ओढला, या उंचवट्यावरून. चौघं होते. तो ओरडला का, असं त्यांनी विचारलं. प्रेमराज म्हणाला, एकदा. शेवटचं काय बोलला, असंही विचारलं. गाडी कितीवर जाते हे विचारत होता, असं ऐकल्यावर गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

मग ते उठायला गेले आणि त्यांना उठता येईना. गुडघे धरले होते, टेकायला काही नव्हतं. दोनदा प्रयत्न केला. प्रेमराज खाली बसला, त्यांच्या काखेत दोन्ही हात घातले आणि जोर लावला. म्हाताऱ्याचं सगळं वजन त्याच्या छातीवर आलं. उभे राहिल्यावरही गुरुजींचा हात काही क्षण त्याच्या दंडावर तसाच राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला, पिशवी उचलली. गाडीनं स्टँडवर सोडतो म्हटलं तर नको म्हणाले. फाटकाबाहेर रिक्षा करून गेले.

त्याच संध्याकाळी प्रेमराजनं मंडळाला फोन करून सत्कार मोडला. दुसऱ्या दिवशी तो ज्या ठाण्यात जबाब दिला होता तिथे गेला आणि हात केल्याचं सांगितलं. अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, “भाऊ, हात करणं हा काही गुन्हा नाही. तुम्ही तर त्याला वाचवायला गेले होते. घरी जा.” प्रेमराजनं हट्ट धरला, तेव्हा पुरवणी जबाब लिहून घेतला. त्यातून पुढे काही झालं नाही.

विकलेली गाडी ट्रेलरवरून दक्षिणेतल्या कुणा शौकिनाकडे गेली. ती चढवताना प्रेमराज गोदामात गेला नाही. जबाब बदलल्याचं सांगायला त्यानं बैसाणे गुरुजींच्या घरी फोन केला, तो संघमित्रानं उचलला. त्यानं जे सांगायचं ते सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“बाबांना सांगते,” ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.