उबेची खोली

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी ओंजळ पुढे केली तेव्हा आत काय आहे ते मला आधी कळलंच नाही. दोन पेरांएवढा गुलाबी जीव, अंगावर पिसांच्या नुसत्या काड्या, आणि डोकं इतकं जड की मान लटपटत होती. त्यांच्या पिंजऱ्यातल्या बजीने, त्या चिमुकल्या पोपटिणीने, हे पिल्लू घरट्याच्या मडक्यातून बाहेर ढकललं होतं. बाईंनी परत आत ठेवलं, तिने परत चोचीने ओढून बाहेर टाकलं.

"आई उगाच टाकत नाही हो," बाई म्हणाल्या. "तिला आधीच कळतं, कुठलं जगणार नाही ते."

माझ्या मागे दारात माझी लेक उभी होती. बाईंना ती दिसली नव्हती, पण मला तिचा श्वास ऐकू आला. त्या बाईंचं तोंड तिथल्या तिथे शिवून टाकावं असं मला वाटलं. लेकीचं बाळ जन्मलं, काचेच्या पेटीत थोडे दिवस राहिलं आणि गेलं, त्याला अजून फार काळ झाला नव्हता. जावई बोटीवर नोकरीला, म्हणून आम्ही तिला घरी आणली होती. आल्यापासून ती मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायची. ताट नेलं की "ठेव, जेवते" म्हणायची आणि ताट जसंच्या तसं परत यायचं. तिला बोलायची सोय नव्हती, आणि माझी जीभ काही माझ्या ताब्यात नसते, त्यामुळे मी घरभर भांडी आदळत फिरत होते.

ती पुढे आली आणि तिने बाईंच्या हातातून पिल्लू उचललं. "मी बघते याला."

"अगं, नाही जगायचं ते," बाई म्हणाल्या.

"मी बघते म्हटलं ना."

पाखरांच्या दुकानातून पिल्लांच्या खाण्याची पूड आणली. ती कोमट पाण्यात कालवायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा. गार असेल तर पोटात आंबतं, कढत असेल तर गळा भाजतो. पिल्लाच्या गळ्याखाली एक पातळ पिशवी असते. भरवलं की ती फुगते आणि आतलं खाणं कातडीतून दिसतं. ती रिकामी झाली की पुन्हा भरवायचं. भरवायला लेकीने स्वतःच्या बॅगेतून एक ड्रॉपर काढला. बाळाच्या औषधासाठी आणलेला, वेष्टनसुद्धा न फोडलेला. तिने ते वेष्टन दातांनी फोडलं तेव्हा मी पाठ फिरवून नसलेला पसारा आवरत राहिले.

पिल्लाने पहिल्यांदा आ वासला आणि डोकं हलवत करकरत खाणं ओढून घेतलं, तेव्हा लेक हसली. हसली म्हणजे नुसती ओठांची कड हलली, पण मी तिची आई आहे, मला तेवढं पुरलं. त्याला भरवायला ती उठायची, उठली की चहा घ्यायची, चहाबरोबर चार घास पोटात जायचे. मी सरळ हिशेब केला: हे पाखरू जगलं तर माझी लेक जगेल. उलटं काय होईल, ते मी मनात येऊ देत नव्हते. नाव ठेवायचं का, असं मी एकदा विचारलं. "राहिलं तर ठेवू," ती म्हणाली आणि मी जीभ चावली.

आता आमच्या ह्यांच्याविषयी सांगायला हवं. ह्यांनी जन्मभर शीतगृहं बांधली. फळांची, माशांची, औषधांची. भिंतीत, दारात, पत्र्याच्या सांध्यात कुठे केसाएवढी फट राहू द्यायची नाही, हे ह्यांचं काम. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ नाहीत. आमच्या घरी बरणीचं झाकणसुद्धा असं बसतं की उघडायला शेजाऱ्यांना बोलवावं लागतं. लेक घरी आल्यापासून मात्र ह्यांना काही सुचत नव्हतं. तिच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे, खाकरायचे आणि परत यायचे. बापाने अशा वेळी काय बोलायचं, ते ह्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

त्यातच थंडी पडली, हाडात शिरणारी. दुकानदाराने बजावलं होतं, पिल्लाला ऊब हवी, गारठलं की संपलं. हे ऐकल्यावर ह्यांचा चेहरा उजळला. निदान करता येण्यासारखं एक काम मिळालं.

"जन्मभर गारवा आत कोंडला," हे म्हणाले. "आता ऊब कोंडायची. काम तेच."

कारखान्यातल्या जुन्या मित्राकडून ह्यांनी गॅसचा हिटर आणला, सिलिंडर मागे बसवायचा तसला. तो मागच्या खोलीत ठेवला. मग खिडकीच्या चौकटीभोवती सिलिकॉन भरलं, बोट फिरवून गुळगुळीत केलं. मी म्हटलं, अहो, उन्हाळ्यात उघडायची कशी? "उन्हाळ्यात बघू," हे म्हणाले आणि शीळ घालत राहिले. कित्येक आठवड्यांनी घरात शीळ ऐकू आली होती. मी खिडकीचा विषय सोडून दिला.

लेकीने पिल्लाचं खोकं पलंगाशेजारी स्टुलावर ठेवलं होतं. झाकण ती नेहमी तिरपं ठेवायची. "फट असू द्या बाबा, त्याचा जीव गुदमरतो." हे हो म्हणायचे आणि जाता येता बोटाने झाकण सरळ करायचे.

खिडकी बंद झाल्यानंतर सकाळी पिल्लू मलूल दिसायला लागलं. रात्रीचं खाणं गळ्याच्या पिशवीत तसंच असायचं. लेक खोकं घेऊन स्वयंपाकघरात यायची, ओट्यापाशी बसायची, आणि थोड्या वेळाने ते आपोआप मान वर करायचं. तीही तशीच. उठताना डोकं धरून यायची, तोंडाला चव नाही म्हणायची, एकदा मोरीशी ओकलीसुद्धा. चहा पोटात गेला की जरा माणसात यायची.

"रडून डोकं धरत असेल," मी ह्यांना म्हटलं.

"खोलीत गारवा येतोय कुठून तरी," हे म्हणाले. "पाखराचं पण तेच झालंय."

मग दाराखाली रबराची पट्टी आली. शीतगृहाच्या दाराला लावतात तीच. दार लावलं की फस्स असा आवाज यायचा. ह्यांनी दाराखाली कागद सरकवून बघितला, सरकला नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली खरी, पण कशाबद्दल ते कळेना. मला वाटलं, त्या बाईंचं बोलणं डोक्यात बसलंय. वरून येता जाता त्या विचारायच्याच, "आहे का अजून?" जसं काही गाडी सुटायची राहिलीय.

पट्टी लागल्यावर पिल्लू आणखी खालावलं. लेक मात्र झोपायला लागली, दुपारीसुद्धा. मला बरंच वाटलं. इतके दिवस डोळ्याला डोळा नव्हता, आता झोपतेय, झोपू दे. तिच्या गालांवर लाली आली होती. मी ह्यांना स्वयंपाकघरात ओढून सांगितलं, "बघा, रंग परतला पोरीचा." हे डोळे पुसत म्हणाले, "ऊब लागतेय."

मग दारावरचा झरोका तेवढा राहिला होता. एका सकाळी शिडी लावून हे वर चढले आणि फळी ठोकून, कडेने सिलिकॉन फिरवून तोही बंद केला. खाली उतरून खोलीच्या मधोमध उभे राहिले, तळहात हवेत फिरवून बघितला. "आता काय बिशाद आहे गारव्याची," असं म्हणाले. लेक पलंगावर बसून त्यांच्याकडे बघत होती. बाबा आपल्यासाठी काय करतायत ते तिला कळत होतं. "छान झालंय बाबा," ती म्हणाली. तिच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा हे इतके खूश नव्हते.

त्या दिवशी बाहेर वारा सुटला होता. जेवणानंतर हिटर मोठा करून लेक आडवी झाली. पिल्लाला भरवायची वेळ झाली होती, त्या नादात गॅसवर ठेवलेलं दूध मी विसरले. खोलीत गेले. दार उघडताना ते आतून कुणी धरून ठेवल्यासारखं चिकटलं. आत ऊब अशी होती की अंगावर यावी. लेक गाढ झोपली होती, गाल लालचुटूक, तोंड किंचित उघडं. किती दिवसांनी पोर अशी झोपलीय, असं म्हणत मी पांघरूण नीट केलं. खोक्याचं झाकण सरळ बसलेलं होतं. उचललं तर पिल्लू एका कुशीवर पडलेलं, पाय ताणलेले.

हातात घेतलं, मान लोंबली. मेलं की जिवंत ते कळेना. हिने जागं होऊन हे बघितलं तर काय, एवढंच डोक्यात. चोरपावलांनी बाहेर आले, मागे दार फस्स करून लागलं. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन जळत होतं, सगळा धूर. गॅस बंद केला, खिडकी सताड उघडली. वारा भस्सकन आत आला. पिल्लू हातातच होतं, त्याला आडोसा करायचंही मला सुचलं नाही. गारठलं की संपलं, असं दुकानदार म्हणाला होता. मी तिथेच उभी राहून रडायला लागले.

तळहातात काहीतरी हललं.

त्याने पाय आखडला. मग चोच उघडली, मिटली. मग डोळा उघडला, मिरीएवढा काळा, आणि माझ्याकडे बघितलं. त्या बोचऱ्या वाऱ्यात ते मान सावरून उठलं आणि भुकेने करकरायला लागलं. मी खुळ्यासारखी बघत राहिले. उबेत मरतंय आणि गारव्यात जगतंय, हे कसलं पाखरू? रोज सकाळी ते इथे आलं की मान वर करायचं. ती पण इथे आली की माणसात यायची. चहाने नव्हे. इथे येऊन.

पिल्लू ओट्यावरच्या वाडग्यात टाकलं आणि धावले.

"अहो! अहो, इकडे या!"

हे मागच्या दारी स्वयंपाकघराच्या खिडकीसाठी रबराच्या पट्टीची चौकट पान्याने आवळत बसले होते. माझा आवाज ऐकून हातातल्या पान्यासकट आले. मी लेकीला हलवत होते, थोबाडीत मारत होते, तिची मान पिल्लासारखीच लोंबत होती. हिटर बंद केला. हे खिडकीशी गेले आणि ओढायला लागले. खिडकी हलेना. केसाएवढी फट ठेवली नव्हती. स्वतःच्या कामाशी झटापट करताना माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी बघितलं. शेवटी ह्यांनी पाना काचेवर घातला. एकदा, पुन्हा, पुन्हा. दोघांनी मिळून तिला ओढत बाहेर गॅलरीत आणलं. वरच्या बाई गोंगाट ऐकून खाली आल्या होत्या. त्यांनीच ॲम्ब्युलन्स बोलावली. एक शब्द जास्त बोलल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क बसवला, रक्त तपासलं, आणि आमच्याकडे वळल्या. हिटरचा विषारी वायू आहे, म्हणाल्या. वास नसतो, रंग नसतो. गालावरची लाली त्याचीच.

"खोलीत बाहेरची हवा यायला काही जागा होती का?"

"अजिबात नव्हती," हे ताडकन म्हणाले. जन्मभर साहेबांना असंच उत्तर दिलेलं. मग आपण काय बोललो ते त्यांना ऐकू गेलं. "मी बंद केली सगळी," हे म्हणाले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

संध्याकाळी लेकीने डोळे उघडले. मास्क बाजूला करायला हात वर नेला. मी वाकले.

"आई, त्याला कोणी भरवलं?"

कोणी नाही. उघड्या खिडकीखाली वाडग्यात, दुपारपासून. "बाबा गेलेत घरी," मी धडधडीत खोटं बोलले आणि बाहेर आले. हे तसेच भिंतीशी बसलेले.

"उठा. घरी जा आणि पिल्लाला भरवा."

"मी नाही हात लावणार," हे म्हणाले. "मी ज्याला हात लावतो ते..."

"तुम्हीच जायचं," मी म्हटलं. "रडायचं ते नंतर. पाणी कोमट करा, मनगटावर बघा. जा."

ते गेले. मी पलंगाशी बसले, मोबाइल मुठीत धरून. लेक दाराकडे बघत होती. वाडगं, वारा, काळोख पडत चाललेला. ह्यांचा फोन येईना तसतशी मी काय सांगायचं ते मनात जुळवत होते, आणि एकही वाक्य जुळत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. ह्यांच्या तोंडून शब्द नाही. नुसती खरखर. मग कळलं, ती खरखर नव्हती. हे फोन वाडग्यात धरून उभे होते आणि ते आ वासून करकरत होतं.

मी फोन लेकीच्या कानाला लावला. ती ऐकत राहिली. डोळ्यातून पाणी उशीवर गळत होतं. आपण कशाने आजारी पडलो ते तिला अजून आम्ही सांगितलं नव्हतं. तिने मास्क जरासा सरकवला.

"बाबा, झाकण घट्ट लावू नका हं. थोडी फट ठेवा. त्याचा जीव गुदमरतो."

पलीकडे पिल्लू करकरत होतं.

"सगळं उघडं आहे गं," हे म्हणाले. "सगळं उघडं आहे."