हळदीच्या गाण्यातली गिटार

माकणी गावातल्या त्या घरात सकाळपासून हळदीची धांदल होती. मांडवात एकच गाणं तिसऱ्यांदा लागलं होतं, आणि मागच्या खोलीत लसूण सोलत बसलेल्या गौरीची बोटं आपोआप मांडीवर फिरत होती. त्या गाण्यातली गिटार तिनंच वाजवली होती.

लातूर, सोलापूर, पुण्याच्या स्टुडिओंत ती बारा वर्षं गिटार वाजवत होती. नाव गायकांचं व्हायचं. हिचं कुठंच नसायचं. त्याचं तिला फारसं वाटत नसे. काम उरकून ती एसटीनं यायची, तेव्हा नवरा रणधीर फाट्यावर वाट पाहत उभा असायचा. तीन वर्षांपूर्वी तो अपघातात गेला. स्टुडिओंनी तिला महिन्याभरात परत बोलावलं. घरानं मात्र कुठल्याच शुभकार्यात बोलावलं नाही.

ती उठली, बसली, पुन्हा उठली. आज हळद होती थोरल्या दिराच्या लेकीची, चैतालीची. गौरीच्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर.

"कुठं निघालीस?" सासू मुक्ताबाईंनी हटकलं.

"हळद लावायला, आत्याबाई."

"येडी का खुळी? रांडमुंड बाईचा हात लागून पोरीचं काय वाईट झालं म्हंजी?"

"माझ्याच हातानं वाजवलेल्या गाण्यावर सगळ्या सवाशिणी नाचायल्यात. त्यानं न्हाय व्हय अपशकुन झाला?"

गौरी मांडवात आली तशा बायका थबकल्या. कुणीतरी गाणं बंद केलं. दीर आबाराव दबक्या आवाजात म्हणाले, "गौरी, पाव्हणे बसल्यात. गुमान आत जा."

"न्हाय जात, भावजी. तीन वर्सं गुमान आत जात आले. आज न्हाय."

"काकू, ये," पाटावरून चैताली म्हणाली. "मी तुझीच वाट बघायले."

गौरीनं वाटीत हात बुडवून तिच्या गालांना हळद लावली. नवरदेवाकडच्या दोघी ताडकन उठून गेल्या. आबारावांचा चेहरा उतरला. नवरदेवाची आई लक्ष्मीबाई खाली मान घालून बसली होती. ती उठली मात्र नाही.

गौरी मागं वळली. मुक्ताबाई दाराआड उभ्या होत्या. सत्ताविसाव्या वर्षी त्यांचं कुंकू पुसलं गेलं होतं. दोन्ही लेकांच्या हळदी त्यांनी दाराआडूनच पाहिल्या होत्या.

"कशी दिसायली गं माझी नात?" त्यांनी हळूच विचारलं.

गौरीनं त्यांचं मनगट धरलं. "चला, तुमीच बघा."

म्हातारीचे पाय उंबऱ्याशी अडले. गौरीनं हात सोडला नाही. मांडवातल्या साऱ्या बायका बघत होत्या. त्यांच्यातल्या कुणीतरी जरा सरकून जागा करायची, तेवढंच आता बाकी होतं.