पुन्यांदा आवळाय या

तिप्पण्णाची जीप मोडनिंबच्या सडकेला लंगडत आली. बाजारातून घेऊन गेल्याच आठवड्यात बसवलेले चाकाचे दोन बोल्ट तुटले होते. गडी मैंदर्गीचा. लेक रत्नम्मा टेंभुर्णीला सासरी, तिला पहिल्या बाळंतपणाला आणायला निघालेला. त्याने खिशातून तसलेच आणखी दोन बोल्ट काढले.

सडकेवरच्या गॅरेजातल्या कोंडीबा मिस्त्रीने ते बोटांत फिरवून त्यालाच परत दिले.

"डोस्क्यावर ताकदीचा आकडा न्हाय. फाटकाला चालत्याल हे. ह्येच्यावर पोटुशी लेक बसवनार व्हय?"

आपल्या डब्यातले आठ पॉइंट आठ आकड्याचे बोल्ट शोधून त्याने ठोकले, समोरासमोरचे नट धरून आवळले आणि प्रत्येक नटावरून चाकापर्यंत चुन्याची रेघ ओढली. "नवा बोल्ट गाडी चालल्यावरच नीट बसतोय. येताना थांबा, पुन्यांदा आवळाय लागतंय."

हे तो सगळ्यांनाच सांगायचा. परत कुणी येत नसे. बायको गेल्यापासनं म्हाताऱ्याला बोलायला माणूस लागतंय, असं हॉटेलातले हसून म्हणायचे. ते अगदीच खोटं नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागायचं. सोनाबाईला जाऊन वर्ष झालं तरी चहा तो दोघांचाच टाकायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप परत दारात थांबली.

"अप्पा, लई ऊन हाय, चला की," रत्नम्मा आतून म्हणाली.

"एकलंच हाय गं म्हातारं. त्येवढंच बरं वाटंल त्येला," तिप्पण्णा हळूच बोलला.

कोंडीबाने ऐकलं. तो पाना घेऊन चाकापाशी बसला. दोन नटांवरच्या रेघा सरकल्या होत्या. पाना लावताच पहिला नट अर्धा आटा फिरला. दुसराही फिरला.

"मैंदर्गी अजून सत्तर मैल," तो म्हणाला.

तिप्पण्णा लेकीकडे बघत तिथंच धुळीत टेकला. मग रत्नम्मा खाली उतरली आणि सोनाबाईच्या कपातून चहा प्याली. त्या कपाला वर्षभरात कुणी ओठ लावले नव्हते.

निघताना तिप्पण्णाने हात जोडले. "मिस्त्री, आता परत कवा येऊ?"

आठ दिवसांनी या, असं कोंडीबाच्या अगदी ओठांवर आलं. त्याने पाना लावून सगळे नट पुन्हा एकदा ओढून बघितले. एकही हलला नाही.

"आता गरज न्हाय," तो म्हणाला. "बसल्यात सगळे."

जीप गेली. त्याने दोन्ही कप धुऊन पालथे घातले.