कोबीच्या आंबट पाण्याचा प्रताप

एकतीस डिसेंबरला सकाळी माझ्या कपडे धुण्याच्या मशीनने संप पुकारला. दोन तास ड्रम गरगरला, पाणी काही तापेना, आणि मग तो गरगरायचाही थांबला. पोटात पाणी, पाण्यात माझा पांढरा टेबलक्लॉथ आणि दार घट्ट बंद! आमच्या मोरावा नदीकाठच्या नळाला पाणी कमी आणि चुनाच जास्त. किटलीत चार दिवसांत थर बसतो, तिथे मशीनने तरी किती सोसावं?

मेल्याने मुहूर्तही कसा साधला बघा. दोन तारखेला आमच्या घराण्याच्या राखणदार संताचा, संत इग्नातियेचा दिवस. त्या दिवशी आमंत्रण कुणालाच नसतं, येईल तो पाहुणा. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, तरी संताची मेणबत्ती माझ्याच घरात लागते, त्याच पांढऱ्या टेबलक्लॉथवर.

एक तारखेला लेक बिल्याना आणि जावई सिनिशा आले. जावयाची आदल्या रात्रीची उतरली नव्हती.

"आई, आधी पेलाभर कोबीचं पाणी द्या. डोकं फुटतंय."

बाल्कनीतल्या पिंपात नोव्हेंबरात मिठाच्या पाण्यात घातलेला कोबी आता झकास आंबला होता. दिला पेला. मी मशीनच्या खालच्या झाकणातून पाणी बादलीत काढत होते, त्यातून चुन्याच्या खपल्या पडत होत्या. सिनिशाने त्यातली एक उचलून टेबलावर ठेवली.

"हे बघा. मिलोराद मिस्त्रीला फोन केला होता मी. म्हणाला, भंगारात घाला. आई, तुमच्याने आता हे घर आवरत नाही. सण झाला की आमच्याकडे चला. फ्लॅट भाड्याने देऊ."

"जावईबापू, मला पण भंगारातच काढताय की काय?"

"चिडू नकोस ना गं," बिल्याना म्हणाली. "उद्याची मेणबत्तीसुद्धा आमच्याकडेच लावू."

मेणबत्ती गेली म्हणजे घर गेलं. त्यांच्या पाचव्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत बसून मी काय माश्या मारू?

"उद्यापर्यंत मशीन चाललं नाही, तर मी स्वतः बॅग भरते," मी बोलून बसले. "चाललं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"कबूल!" सिनिशा हसला आणि पेला आदळला. उरलेलं पाणी खपलीवर सांडलं. पुसायचे कष्ट कोण घेतंय! गेले दोघं.

फडकं घेऊन आले, तर खपलीवर फेस! बारीक बुडबुडे. बोटाने दाबली, तर भुगा झाला.

"अगं बाई!" मी एकटीच ओरडले. दुकानं बंद, मिस्त्री सुट्टीवर, पण पिंपात चाळीस लिटर औषध पडलेलं.

लोणच्याच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं काढलीत मी. आंबट पाणी धातूचं काय करतं, ते मला कुणी शिकवू नये. प्लग काढला. मागचा पत्रा उघडला. कुठली वायर कुठे ते विसरायला नको म्हणून प्रत्येकीला वेगळ्या रंगाची लोकर बांधली. पाणी तापवायची कॉइल अर्धा तास हलवली तेव्हा कुठे बाहेर आली. मक्याच्या कणसाएवढी जाड झाली होती बिचारी! पातेल्यात कोबीचं पाणी कोमट केलं आणि कॉइल त्यात बुडवली. दर तासाला पाणी बदललं. पाचव्या वेळी आतला धातू चमकला. मीठ राहिलं तर कॉइल खाईल, म्हणून चार वेळा धुतली, कोरडी पुसली, जागेवर बसवली. पंपात अडकलेल्या खपल्याही ओरबाडून काढल्या. गुडघ्यांनी बोंब मारली, पण ऐकतं कोण?

टेबलक्लॉथवर साबण घालून मशीन लावलं. तासाभराने काचेवर हात ठेवला. गरम! देवाशपथ सांगते, मी मशीनला मिठी मारून रडले. लाज कसली? माझं घर होतं ते.

दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीच्या टेबलक्लॉथवर मेणबत्ती लागली. घर पाहुण्यांनी भरलं. मिलोराद मिस्त्रीही आला, माझ्या नवऱ्याचा जुना दोस्त.

"शेजारणीकडून धुऊन आणला असेल," सिनिशा कुजबुजला आणि मिस्त्रीला बाथरूममध्ये घेऊन गेला. मागोमाग मीही. आधीच्या माणसाच्या कामाला शिव्या घातल्याशिवाय मिलोराद स्क्रूला हात लावत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक. त्याने पत्रा उघडला, बॅटरी मारली. मग एकेक वायर बोटाने चाळवून पाहिली.

"कुणी केलं हे?"

"मी."

"लोकर?"

"तीही माझीच."

मिस्त्री उठला, बाहेर आला, सगळ्यांसमोर ग्लास उंचावून म्हणाला, "भंगारात घाला म्हणणारा मी गाढव! एवढी स्वच्छ कॉइल मी दुकानातच पाहतो. हा ग्लास देसांका वहिनींच्या हातांसाठी!"

सगळे ओरडले. माझी छाती अशी फुगली की काय सांगू! बिल्यानाने येऊन गळ्यात हात टाकले. "चुकलं आई," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

पाहुणे पांगले, तरी सिनिशा दाराशी घुटमळत उभा.

"आई... आमच्या मशीनचंही पाणी तापत नाही. दोन महिने झाले."

"आणि घर आवरत नाही ते माझ्याने, नाही का?"

तो कानापर्यंत लाल झाला.

"रविवारी येते," मी म्हटलं. "जेवायला माशाचं कालवण करून ठेवा. आणि संध्याकाळी मला माझ्या घरी सोडायचं."