धाकटीचं हसू

पेंटरांची नजर गेली ती मधली. कडेचं थोडं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं धुक्यात जायचं. जन्मभर दुकानांच्या पाट्या आणि माणसांची भलीमोठी पोर्ट्रेट रंगवली. ब्रश बांधून ठेवले तेव्हा एकच चित्र राहून गेलं होतं. धाकटीचं, हसतानाचं.

धाकटी तापाने गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिचा एक सुळा शेजारच्या दातावर चढला होता, म्हणून फोटोत ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. तिचं मोकळं हसू आता फक्त घरच्यांच्या आठवणीत होतं.

थोरलीने टॅबलेट आणून दिला. "बाबा, तुम्ही नुसतं बोला. हे ऐकतं आणि चित्र काढतं. तिचे फोटोही घातलेत मी त्यात."

मग रोज सकाळी खिडकीशी बैठक बसू लागली. पेंटर सांगायचे, यंत्र काढायचं आणि काय निघालं ते बायको सांगायची.

"डावा सुळा. वरचा ओठ त्याला अडकतो, म्हणून त्या बाजूला हसू जरा उशिरा पोचतं. कळलं का रे गाढवा?" हाताखालच्या उमेदवाराला झापावं तसं ते यंत्राला झापायचे. "काय गं, काय काढलंय?"

"टूथपेस्ट विकणारी बाई."

"आणि आता?"

"आता ससा."

पेंटर पोट धरून हसले. "शिकेल हळूहळू. माझा तरी हात कुठे लगेच बसला होता!"

पण ते शिकेना. दात सरळ तरी करायचं, नाहीतर मुलीची चेटकीण करायचं. पेंटरांची थट्टा आटली, मग जेवण कमी झालं. एके दिवशी डोकं धरून म्हणाले, "त्याचं नाही चुकत. माझंच सांगणं चुकतंय. विसरत चाललोय मी तिला."

बायकोने टॅबलेट जवळ ओढला. पडद्यावर एक मुलगी हसत होती. गोड होती, दातही थोडा वाकडा होता. पण कुणाची कोण.

"अहो, आली," ती म्हणाली.

"उशिरा पोचतं हसू?"

"पोचतं."

मोठी प्रिंट काढून भिंतीवर लावली. थोरली बघायला आली आणि बघतच राहिली.

"कशी आलीय?" पेंटरांनी विचारलं.

तिने आईकडे पाहिलं. "तशीच, बाबा."

स्वयंपाकघरात मात्र तिने आईचा दंड धरला. "आई, ही कोण आहे?"

"हळू बोल."

"अगं, पण..."

"त्यांना झोप लागते आता. राहू दे."

पेंटर खरंच सुधारले. मान जरा वळवून, उरल्यासुरल्या नजरेने ते भिंतीकडे बघत बसायचे. फ्रेमवरची धूळ बायको पुसायची.

एका दुपारी भाजी निवडताना तिने स्वतःच्या मनातली धाकटी आठवून पाहिली. डावा सुळा, अडकलेला ओठ, उशिरा येणारं हसू. शब्द सगळे आले. चेहरा भिंतीवरचा आला. तिने डोळे मिटून पुन्हा पाहिलं. पुन्हा तीच.

ती बाहेरच्या खोलीत गेली. "अहो."

"काय गं?"

एकदा परत सांगा ना, कशी हसायची ती, एवढंच विचारायचं होतं. पण ज्याला त्या भिंतीवर सगळं मिळालं होतं, त्याला ते कसं विचारणार?

"ये, बैस," पेंटर सरकले. "बघ ना, कशी हसतेय."

ती बसली. बघू लागली.