माप कोणाच्या हाताचं?

जेवणाच्या टेबलावर जेवायचं असतं, एवढी साधी गोष्ट थोरल्याच्या डोक्यात शिरत नव्हती. केव्हाही बघावं तर टेबलावर चिकणमातीचे गोळे, वायरींचा गुंता, स्क्रूंच्या डब्या, आणि मधोमध वस्तू घट्ट आवळून धरणारा एक लोखंडी शिकंजा. मग ताटं कुठे मांडायची? मांडीवर!

"हे घर आहे की कारखाना?" आईने हातातली पळी आपटून विचारलं.

"आई, थोडेच दिवस गं. असं काहीतरी होतंय ना, की बघत राहशील!"

"बघतेच आहे. भातात स्क्रू निघाला काल. दात पडला असता तर नवा करून दिला असतास का?"

या आईला गल्लीत सगळे 'सरकार' म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. शाळा तिने लहानपणीच सोडली होती, बोलणं मात्र कधी सोडलं नव्हतं. अलीकडे एका कानाने कमी ऐकू यायचं, तेही ती कबूल करत नसे. "लोकच हल्ली पुटपुटतात," म्हणायची. आणि टीव्हीवर बातम्या लागल्या की खाली सरकणारी अक्षरं जुळवत जुळवत वाचायची.

ती अक्षरं तिची धाकटी मुलगी लिहायची. बातम्या देणारा बोलत असतो, आणि त्याच वेळी त्याचं बोलणं टाईप करून पडद्यावर सोडायचं, म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही कळतं. धाकटीची बोटं अशी पळायची की बोलणाऱ्याला धाप लागावी. पण मागच्या वर्षी स्कूटरवरून पडली, खांद्याची शीर तुटली, आणि उजवा हात नुसता लोंबता राहिला. आहे, पण कामाचा नाही.

साध्या कीबोर्डवर एका हाताने तिची नुसती धावाधाव व्हायची. बोलणारा पुढच्या वाक्याला पोचलेला, आणि ही अजून मागच्या वाक्याची शेपटी धरून. ऑफिसने निरोप पाठवला होता: महिनाअखेरीस या, बोलण्याच्या वेगाने लिहून दाखवा. जमलं तर खुर्ची तुमची. नाही तर तिथे दुसरं माणूस बसेल.

थोरला कीबोर्ड बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत आराखडे करायचा. निरोप ऐकला आणि टुणकन उडालाच. "चिमे, तू काळजीच करू नकोस! एका हाताचा कीबोर्ड करतो तुझ्यासाठी. तळहाताएवढा! दोन-तीन बटणं एकदम दाबायची की झालं एक अक्षर. बोटं जागची हलवायलाच नकोत!"

कल्पना झकास होती, यात वाद नाही. आईची तक्रार वेगळीच होती. टेबलाचं तर दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख हे, की ज्या बहिणीसाठी हा सगळा पसारा, तिला हा टेबलाजवळ फिरकू देत नव्हता.

"दादा, बघू तरी."

"अंहं! तयार झालं की देणार. तू आराम कर."

आणि आराम करून करून धाकटी विटली होती.

रविवारी एकदाचा मुहूर्त लागला. थोरल्याने उजवा हात खिशात घातला, शिकंज्यात बसवलेल्या त्या इवल्याशा कीबोर्डवर डावा हात ठेवला आणि टकटक टकटक सुरू केलं. समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली: चिमी पुन्हा कामावर चालली.

आईने एकेक अक्षर वाचलं आणि टाळ्या पिटल्या. आपलाच मुलगा! एवढासा होता तेव्हा हातातलं घड्याळ उघडून बसायचा, ते आठवून तिला टेबलाचा रागसुद्धा विसरायला झालं.

"आता तू," थोरला म्हणाला. त्याने शिकंजा सोडवला आणि कीबोर्ड बहिणीच्या पुढ्यात ठेवला.

तिने बोटं टेकवली, दाबली. कीबोर्ड सुळकन सरकला. तिने ओढून घेतला, पुन्हा दाबलं. या खेपेला तो गेला तो थेट मिठाच्या बरणीवर आपटला.

"अगं, धर ना नीट!"

"कशाने धरू?" धाकटीने विचारलं.

शिकंज्याकडे बघून थोरल्याचा चेहरा उतरला. इतके दिवस कीबोर्ड धरून ठेवायचं काम हा लोखंडी हात करत होता. कंपनीत तो हातात घेऊन बघितला तेव्हा दुसऱ्या हाताने कडा धरलेली होतीच. दोन हातांचीच माणसं सगळी! दुसरा हात गुपचूप मदत करतोय, हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"हात्तिच्या! एवढंच ना? उद्या करतो," म्हणून तो पुन्हा पसाऱ्यात घुसला.

दुसऱ्या दिवशी कीबोर्डला पट्टा आला होता. मनगटाला बांधायचा, घट्ट, बक्कल लावून. थोरला उड्या मारत आला. धाकटीने पट्टा उलटसुलट करून बघितला.

"छान आहे. पण दादा, हे बक्कल लावणार कोण?"

"मी लावीन की! नाही तर आई लावेल."

"रोज ऑफिसला आईला नेऊ?"

"नेशील तर येईन," आई म्हणाली. "डबाही आणीन. पण तुझ्या ऑफिसातल्या त्या साहेबीणबाईंना दोघींची खुर्ची द्यावी लागेल."

धाकटीला हसू आलं, पण ते ओठांवरच विरलं. तिने पट्टा टेबलावर ठेवला.

"दादा, तू माझ्यासाठी किती खपतोयस ते दिसतं मला. ऑफिसातून आलास की टेबलाला चिकटतोस. पण तू मला भेट देतोयस रे. मला भेट नको. मला कामाला घे!"

"म्हणजे?"

"म्हणजे हा हात कुणाचा आहे? माझा. अपघात झाल्यापासून एका हाताने जगतेय कोण? मी. तू खिशात हात घालतोस आणि पाच मिनिटांनी बाहेर काढतोस. मग जे मला रोज अडतं ते तुला कसं अडणार? एकदा तरी विचारलंस का, चिमे, तुला काय अडतं?"

"बघ, बघ! मी हेच म्हणत होते," आईने लगेच संधी साधली. "नुसता स्वतःच्या तालात!"

"आई, तूसुद्धा."

"मी? मी काय केलं?"

"संत्रं हातात घेतलं की तू काढून घेतेस आणि सोलून देतेस. कोणी घरी आलं की मला काय हवं ते तुला विचारतात, आणि तूच सांगतेस. ताट सरकू नये म्हणून मी खाली ओलं फडकं ठेवते, पाहिलंस कधी? नाही पाहिलंस. कारण मी ठेवायच्या आधी तू ताट धरायला हजर!"

सरकार गप्प बसली! लोकहो, ही बातमी टीव्हीवर यायला हवी होती, खाली अक्षरांसकट. मायेने केलं होतं सगळं. पण मायेनेच मुलीला खुर्चीत बसवून ठेवलं होतं, हेही खरंच होतं. तुमच्या-माझ्या घरात तरी काय होतं? कोणाचा हात गेला, पाय गेला, डोळा गेला, की आपण त्याचं तोंडही गेलं असं धरून चालतो. त्याच्या वतीने बोलतो, त्याच्या वतीने ठरवतो आणि वर म्हणतो, बघा किती करतो आम्ही!

थोरला मात्र दुसऱ्याच गोष्टीला चिकटला होता. "ओलं फडकं?" तो हळूच म्हणाला. "चिमे, ओलं फडकं! म्हणजे तळाला चिकटणारं रबर! आणि वजन! हलका केला हेच चुकलं माझं. मी एकेक ग्रॅम कमी करायला भांडत होतो!" त्याने खुर्ची ओढली, धाकटीला टेबलाशी बसवलं, मग एकदम थबकला. "बसतेस ना?"

"हलव तुझा पसारा," धाकटी म्हणाली.

आणि मग त्या टेबलावर जे काही सुरू झालं! आधी मातीचे जुने गोळे गेले, कारण ते सगळे थोरल्याच्या पंजाचे होते. भाकरी थापावी तसा त्याचा पंजा, आणि हिची बोटं शेवग्याच्या शेंगांसारखी बारीक. धाकटीने ओल्या मातीत स्वतःचा हात दाबला. काय गंमत! करंगळी थोरल्याने ठरवलेल्या बटणापर्यंत पोचतच नव्हती.

"आणि तू सगळ्या मात्रा करंगळीखाली घातल्यास?" ती ओरडली. "अरे, काना तर दर दुसऱ्या अक्षराला लागतो! वेलांटी, मात्रा, काना, सगळं अंगठ्याखाली हवं. अंगठा रिकामाच बसलेला असतो."

"अंगठ्याखाली मी स्पेस ठेवलाय."

"स्पेस दे करंगळीला. तिला शब्द संपेपर्यंत आराम."

"चिमे, तू आधी का नाही बोललीस?"

"तू विचारलंस का?"

"बरं, बरं. पट्ट्याचं काय करायचं?"

"पट्टा नकोच. तोंड उघडं असलेलं कडं कर. हात आत सरकवला की बसला, ओढला की निघाला. बांधायचं नाही, सोडायचं नाही."

दोघं असे भांडत, हसत, एकमेकांवर माती उडवत होते की आईला लहानपणीचा त्यांचा दंगा आठवला. टेबलावर माती आणखी वाढली होती. ती काही बोलली नाही. ताटं तिने मांडीवर घ्यायला लावली. थोरल्याने भातात स्क्रू आहे का ते आधीच बघून घेतलं.

नवा कीबोर्ड तयार झाला तेव्हा आई बाजूला उभी होती. धाकटीने कड्यात हात सरकवला. कीबोर्ड टेबलाला असा चिकटून बसला की जसा काही तिथेच उगवला होता. बोटं दाबली, अंगठा दाबला. पडद्यावर वाक्य आलं. आईने पुढे सरकून वाचलं:

आई संत्रं खाली ठेव.

आईने हाताकडे पाहिलं. खरंच की! न कळत तिने धाकटीच्या पुढ्यातलं संत्रं उचललं होतं आणि सोलायला नखही लावलं होतं. तिने ते पुन्हा धाकटीपुढे ठेवलं. "घे बाई. सोल. मी बघत नाही." पण डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलंच. धाकटीने संत्रं दोन मांड्यांत धरलं, अंगठा खुपसला आणि साल सरसर काढली.

मग सराव सुरू झाला. रेडिओ लावायचा आणि धाकटीने लिहायचं. पहिले काही दिवस रेडिओ पुढे आणि ती मागे. मग बरोबरीने. मग एकदा रेडिओवरचा माणूस खोकायला थांबला, आणि थोरला नाचायलाच लागला. "थांबला! चिमीसाठी थांबला!"

महिनाअखेरीस तिघं ऑफिसात गेली. आईला घरी राहा म्हणायची कोणाची छाती होती? ऑफिसातल्या मुख्य बाई सज्जन वाटल्या. त्यांनी धाकटीकडे बघून मान हलवली, आणि प्रश्न मात्र थोरल्याला विचारला, "यांना जमेल का हो?"

थोरल्याचं तोंड उघडलं. आईने त्याच्या दंडाला चिमटा घ्यायला दोन बोटं तयार ठेवली. रबर, वजन, कडं, अंगठ्याखालच्या मात्रा, सगळं त्याच्या जिभेवर येऊन उभं राहिलेलं तिला दिसत होतं. पण त्याने ते गिळलं.

"तिलाच विचारा ना," तो म्हणाला. "काम ती करणार आहे. कीबोर्डही निम्मा तिनेच आखलाय."

चिमटा वाया गेला!

बाई जरा ओशाळल्या आणि धाकटीकडे वळल्या. "जमेल?"

"लावा आवाज," धाकटी म्हणाली.

आवाज सुरू झाला. कुठल्याशा धरणाची बातमी, मग खेळ, मग हवामान. आईला त्या खोलीतलं बोलणं धड ऐकू येत नव्हतं. तिने डोळे पडद्यावर रोवले. अक्षरं येत होती! एक शब्द चुकला, पण तो लगेच पुसला गेला आणि बरोबर होऊन आला. बोलणाऱ्याने वेग वाढवला. अक्षरांनीही वाढवला. हवामानाच्या बातमीत आईला कळलं की उद्या वारा सुटणार आहे. कानाने नव्हे, धाकटीच्या डाव्या हाताने कळलं!

आवाज थांबला, आणि पडद्यावरचं शेवटचं वाक्य त्याच्याबरोबरच थांबलं. मुख्य बाई उठल्या. या वेळी त्यांनी थोरल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. धाकटीला विचारलं, "खुर्ची कुठली हवी? खिडकीजवळची की जुनीच?"

"जुनीच," धाकटी म्हणाली. "माझ्या मापाची आहे ती."

घरी येईपर्यंत थोरल्याच्या पायांना चाकं लागली होती. बूटही न काढता तो टेबलाशी गेला. "आता उजव्या हाताचा! ज्यांचा डावा हात गेलाय त्यांच्यासाठी! कंपनीला उद्याच सांगतो!" त्याने मातीचा ताजा गोळा घेतला, थापून सपाट केला आणि आपला उजवा पंजा वर उचलला.

आई दारातून बघत होती. ओरडायला तिने श्वासही भरून घेतला होता.

पंजा मातीवर यायच्या आतच थांबला. थोरल्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि हात खाली घेतला.

"नको," तो म्हणाला. "चिमे, दवाखान्यात तुझ्याबरोबर हाताच्या व्यायामाला तो रंगारी येतो ना? डावा हात गेलेला? त्याला विचारशील, की येतोस का आमच्याबरोबर कामाला? यायला नको वाटत असेल तर मीच जाईन त्याच्याकडे. माती घेऊन."

भरून घेतलेला श्वास आईने सोडला. ती टेबलाशी आली, पसाऱ्यावरून नजर फिरवली आणि मुलासमोर उभी राहिली.

"आता नीट ऐक, पुन्हा सांगायची नाही. मदत करायची तर आधी कान द्यायचा, मग हात. न विचारता केलेलं कितीही गोड असो, ते दुसऱ्याच्या मापाचं नसतं. हे मलाही या वयात माझ्या लेकीने शिकवलं, तेव्हा तू एकटा लाजू नकोस. तुझ्या हातात हुन्नर पहिल्यापासून होता. आज तुला अक्कल आली. हे टेबल आजपासून तुझं. आम्ही मांडीवर जेवू!"